गाठीची पुंजी आणि देवावरचा भार

परवाच्या एकादशीला आमच्या ओझरला देवळात भजन झाले. आरती झाली, मंडळी उठू लागली, तेव्हा एका कारखान्यात कंत्राटी कामाला जाणारा एक तरुण माळकरी माझ्याशेजारी येऊन बसला. थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "बुवा, एक विचारू का? आपण सारा भार पांडुरंगावर टाकला असं म्हणतो. आणि घरात ही म्हणते, दर महिन्याला पाचशे बाजूला टाका, उद्या दुखणं-खुपणं आलं तर कुणाच्या तोंडाकडं पाहायचं? साठवावं तर देवावरचा भरवसा लटका होतो, न साठवावं तर घर उघडं पडतं. यातलं खरं काय धरायचं?"

मी हसून सांगितले, "अरे, ज्याने चोच दिली तो चारा देतोच." बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. तोही पाया पडून गेला. पण बाणगंगेच्या पुलावरून घरी येताना मला माझ्याच उत्तराची लाज वाटू लागली. मुलाच्या पगारावर दोन वेळ निवांत जेवणाऱ्या म्हाताऱ्याने, ज्याच्या कामाची पुढच्या महिन्याची शाश्वती नाही अशा पोराला चोच आणि चाऱ्याची म्हण ऐकवावी, यात भरवसा कुठे होता? त्यात नुसती सोय होती, माझी. त्या पोराचा प्रश्न खरा होता आणि मी त्याला म्हण देऊन वाटेला लावले. म्हणून हे चार शब्द लिहितो. ते त्याने वाचावेत, आणि त्याच्यासारखे ज्यांच्या मनात घोळते त्यांनीही.

आधी माझीच एक गोष्ट सांगतो. कीर्तनात कधी सांगितली नाही.

सतरा-अठरा वर्षे झाली असतील. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघायला दोन दिवस होते. वारीसाठी म्हणून वर्षभर जमवलेले दोन हजार रुपये मी पोथीच्या फडक्यात बांधून ठेवले होते. रात्री शेजारचा गडी दाराशी आला. त्याच्या सुनेचे बाळंतपण अडले होते, गाडी करून तातडीने नाशिकला न्यायचे होते. म्हणाला, "आबा, दोन हजार असतील तर द्या, पंधरा दिवसांत आणून देतो." मी म्हणालो, "आहेत रे, पण ते वारीचे आहेत. देवाच्या पैशाला हात कसा लावू?" तो काही बोलला नाही. मान हलवली आणि गेला. त्याच रात्री त्याने शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलले. माउलीची कृपा, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. मी वारी केली, बारीत उभा राहिलो, पायांवर डोके ठेवले. पण त्या गड्याला मुद्दल फेडायला बावीस महिने लागले. महिन्याला शंभर प्रमाणे बावीसशे रुपये नुसते व्याज गेले, मुद्दल वेगळे. त्याने माझ्याशी बोलणे सोडले नाही, हे मला जास्त लागते. सोडले असते तर निदान फिटंफाट झाली असती.

आता वाचकांनी मला दोष द्यावा, तो मी घेतोच. पण नुसता दोष घेऊन भागत नाही, चूक नेमकी कुठे झाली ते पाहिले पाहिजे. मी पैसे साठवले ही चूक नव्हती. चूक ही, की घरात साठवलेले पैसे तेवढेच होते आणि त्यांच्यावर एकच नाव घातलेले होते. अडीनडीसाठी म्हणून वेगळे हजार-दोन हजार माझ्या घरात असते, तर वारी की शेजारधर्म असा पेच पडलाच नसता. त्याच्या घरात असते, तर त्याला रात्री दोन दारे पुजावी लागली नसती. तरतूद नसली म्हणजे माणूस वाईट होतो असे नाही. पण तरतूद नसली म्हणजे चांगले राहणे फार अवघड होते. दुकानदाराला तोंड चुकवावे लागते. डॉक्टरला खोटे सांगावे लागते. बहिणीच्या घरचे आमंत्रण आले की आहेर कुठून करायचा म्हणून आजाराचे निमित्त करावे लागते. खिशात चार पैसे नसल्यापायी जिभेवर अशा किती असत्यांचा मळ चढतो, ते ज्याचे त्याला माहीत.

इथे कोणी भाविक म्हणेल, बुवा, राका-बांका आठवा. वाटेत मोहरा दिसल्या तर राकांनी त्यांच्यावर माती लोटली, बायकोला मोह पडू नये म्हणून. आणि बांका म्हणाल्या, मातीवर माती कशाला टाकता? असल्या वैराग्याच्या परंपरेत तुम्ही पैसा साठवायला सांगता?

ती कथा मला प्राणाहून प्रिय आहे. पण ती कशाबद्दल आहे ते पाहावे. वाटेत पडलेल्या मोहरा त्यांच्या कष्टाच्या नव्हत्या. ते जोडपे रानातून लाकडे आणून, मोळी विकून पोट भरीत होते, आणि दुसऱ्याच्या किंवा दैवाच्या धनाला त्यांनी हात लावला नाही. स्वतःच्या मोळीच्या पैशातून त्यांनी उद्याच्या पिठाची सोय करू नये, असे ती कथा कुठे सांगत नाही. फुकटच्या धनाचा लोभ वेगळा, आणि कष्टाच्या धनाचा नीट वापर वेगळा. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. त्यांनी बुडवले ते लोकांकडून येणे होते. गरिबाच्या मडक्यात राखून ठेवलेली बाजरी नव्हे.

आणि दुसऱ्या बाजूने दामाजीपंतांची कथा पाहा. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, आणि पंतांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांना मोकळी केली. ही कथा शेकडो वेळा आपण ऐकली, मीही सांगितली. कोठारे उघडणारे दामाजी सर्वांच्या ध्यानात राहतात. पण ती कोठारे भरली कोणी? चांगल्या सालात कुणीतरी मापे मोजून, वाळवून, कीड लागू नये म्हणून काळजी घेऊन ते धान्य आत टाकले, तेव्हाच वाईट सालात उघडायला काहीतरी होते. रिकाम्या कोठाराचे दार उघडून दामाजीपंतांनी कुणाचे प्राण वाचवले असते? आणि पुढची गंमत पाहा. पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बादशहाकडे गेले, धान्याची किंमत मोजून दिली, आणि रिकाम्या हाताने परतले नाहीत, पावती घेतली. प्रत्यक्ष देवाने हिशेब चुकता करून पावती घ्यावी, आणि आपण हिशेबाची वही ठेवण्याला प्रपंचाचा मळ म्हणावे, हे काही बरे नव्हे.

म्हणजे साठवणे हे पाप नाही. पण मग साठवून ठेवणाऱ्या प्रत्येकाला पुण्यवान म्हणायचे का? तेही नाही. बादशहाचे कोठारही साठवणच होते. दामाजींनी ते उघडले, म्हणून त्याचे अन्न झाले. एरवी ते उंदरांचे होते. तेव्हा प्रश्न साठवावे की नाही हा नाही. प्रश्न असे आहेत: किती, कसे, आणि कशाला उघडायचे.

हे मला पुस्तकातून कळले नाही, आईकडून कळले. १९७२ सालच्या दुष्काळात मी लहान होतो. लोक खडी फोडायला दुष्काळी कामावर जात आणि मिलो नावाची लाल ज्वारी खात. आमच्या आईची एक रीत होती. दळणाला बाजरी काढली की त्यातली एक मूठ परत एका वेगळ्या मडक्यात टाकायची. चांगल्या सालातही टाकायची, एकादशीलाही टाकायची. त्या दिवशी चूल पेटत नसे, तरी हात मडक्याकडे जाई. मी एकदा विचारले, "आई, एका मुठीनं काय होतंय?" ती म्हणाली, "मुठीनं नाय होत. रोजच्यानं होतं." पुढे मोठेपणी मी हिशेब केला. एका मुठीत साधारण पन्नास ग्रॅम धान्य बसते. महिन्याचे दीड किलो, वर्षाचे अठरा किलो. त्या अठरा किलोंनी आमच्या घरातले चार जीव दुष्काळात सबंध तरले असे नव्हे. पण मजुरीची हप्त्याची रक्कम हाती पडायला उशीर झाला, त्या आठवड्यात चूल विझली नाही. त्या मडक्याला आई 'अडीनडीचं' म्हणे. सणाला पुरणपोळी कमी पडली तरी त्यात हात घालू देत नसे. आणि शेजारची पोरे उपाशी आहेत असे कळले, तेव्हा न विचारता तिने त्यातून दोन शेर काढून दिले.

त्या आधीच्या पिढ्यांचे अडीनडीचे मडके तांब्यापितळेचे होते. जुन्या गॅझेटियरात आमच्या गावाची नोंद 'ओझर तांबट' अशी सापडते. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे. हंडा, घागर, परात ही घरात रोज वापरायची आणि वेळ आली तर गहाण टाकायची. बाईच्या डोरल्याआधी घरातला हंडा जाई. १९६४ साली इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आला आणि गावाला महिन्याच्या पगाराची ओळख झाली. हंड्याची जागा पासबुकाने घेतली. साधन बदलले, गरज तीच राहिली.

आता आमच्या गावाची दुसरी एक गोष्ट सांगतो, कारण मला पैशापेक्षा पाण्यावरून हे नीट समजले. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला ओझरची शेती आहे. शेपटाला असणाऱ्याला पाणी शेवटी मिळते आणि पुष्कळदा मिळतच नाही. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केले, आणि १९९०च्या सुमारास गावात तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा ही त्यांची नावे. पाणी मोजून घ्यायचे, मोजून वाटायचे, पट्टी वेळेवर भरायची, असा नेम त्यांनी धरला. आणि जास्तीचे पाणी असेल तेव्हा ते ओहोळ-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत अडवून जमिनीत मुरू द्यायचे, म्हणजे आसपासच्या विहिरींना पाझर राहतो. पुढे २००३ साली वाघाडच्या सबंध लाभक्षेत्रातल्या चोवीस संस्था मिळून एक झाल्या. दूरदूरची माणसे हे पाहायला येऊन गेली.

मी शेतकरी म्हणून त्यात एवढेच शिकलो, की बंधाऱ्याला नदीचा लोभ नसतो. तो पूर अडवून धरीत नाही. पूर आला तर पाणी त्याच्या डोक्यावरून जाते, आणि जावेच. तो फक्त आपल्या उंचीएवढे ठेवतो. ते ठेवलेले पाणीही त्याचे एकट्याचे राहत नाही. खालून मुरते, आणि वैशाखात शेजाऱ्याच्या विहिरीत कुठून पाणी आले ते कुणाला कळत नाही. घरातली अडीनडीची पुंजी अशी असावी. तिला उंची असावी, म्हणजे ठरलेले माप. माप भरले की पुढचे वाहू द्यावे.

आता कुणी म्हणेल, बुवा दृष्टान्त फार झाले, आकडा सांगा. सांगतो.

समजा एका घराची मिळकत महिना अठरा हजार आहे. किराणा पाच हजार, दूध-भाजी अडीच हजार, वीज आणि गॅस दीड हजार, औषधपाणी आठशे, जुन्या कर्जाचा हप्ता अडीच हजार, पोरांची शाळा दोन हजार, येणे-जाणे दीड हजार, फोन पाचशे, पाहुणा-आहेर हजार. बेरीज सतरा हजार तीनशे. उरले सातशे. आता काम सुटले तर यातले काय थांबवता येत नाही? किराणा, दूध-भाजी, वीज-गॅस, औषध आणि हप्ता. ते झाले बारा हजार तीनशे. जाणकार सांगतात की पगारदार घराने असा निकडीचा खर्च निदान तीन महिने, जमल्यास सहा महिने भागेल एवढा गाठीशी ठेवावा. तीन महिन्यांचे झाले छत्तीस हजार नऊशे. महिना सातशेने ते जमायला चार वर्षे आणि वर पाच महिने लागतील. हा आकडा ऐकूनच माणूस वही मिटतो.

पण पंढरपूर एका दिवसात कोण गाठतो? आजच्या मुक्कामाचे बघायचे. पहिला मुक्काम पाच हजारांचा. रात्री गाडी करून नाशिकला जायचे, अनामत भरायची आणि दोन दिवसांची औषधे घ्यायची, एवढे त्यात भागते. सातशेने ते आठ महिन्यांत जमतात. हा एक मुक्काम गाठला तरी माझ्या शेजाऱ्यासारखी रात्र टळते. दुसरा मुक्काम जुन्या कर्जाचा. समजा वर्षभरात तो हप्ता संपला. आता तो अडीच हजार खर्चात मुरू न देता पुंजीत वळवायचा. महिना सातशेचे बत्तीसशे झाले, आणि हप्ता गेल्यामुळे निकडीचा खर्चही नऊ हजार आठशेवर आला, म्हणजे तीन महिन्यांचे एकोणतीस हजार चारशे. वर्षभरात आठ हजार चारशे जमलेलेच आहेत. उरलेले एकवीस हजार सात महिन्यांत होतात. चार-साडेचार वर्षांची वाट एक वर्ष सात महिन्यांवर आली. इथे कुठला चमत्कार नाही. जी वाट कर्जाकडे जात होती, तीच वळवली. दिवाळीचा बोनस आला तर त्यातला अर्धा इकडे यावा, अर्ध्याचे पोरांना कपडे घ्यावेत.

उलटा हिशेबही पाहा. वीस हजार रुपये शेकडा तीनने उचलले तर महिना सहाशे रुपये नुसते व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. तेच सहाशे आधीपासून दर महिन्याला बाजूला पडले असते तर चौतीस महिन्यांत वीस हजार स्वतःचे झाले असते. म्हणजे सहाशे जायचेच आहेत. ते संकटाआधी स्वतःच्या गाठीत जातील, की संकटानंतर दुसऱ्याच्या, एवढेच आपल्या हाती आहे.

शेतकऱ्याने महिन्याच्या हिशेबाने चालू नये. त्याची मिळकत हंगामाची, तेव्हा त्याचे माप एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचे. २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस आमच्या निफाड तालुक्यात गारपीट झाली, आणि द्राक्षबागांत वर्षाची मेहनत एका संध्याकाळी भुईवर पडली. बागाइतदाराची ही गत, तर बागेत मजुरीला जाणाऱ्या बायांची काय? त्यांना एप्रिलच्या खरड छाटणीला काम असते, पावसाळ्यानंतरच्या फळछाटणीला असते, तोडणीला असते. मधले आठवडे कोरडे जातात. त्यांनी कामाच्या आठवड्यात कोरड्या आठवड्याची मूठ काढावी, एवढेच मी म्हणू शकतो.

पैसे ठेवावे कुठे? सगळे घरात नकोत. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत डाळीच्या डब्यातून, गोधडीच्या शिवणीतून बायकांची वर्षांची पुंजी बाहेर आली, आणि नवऱ्यांना पहिल्यांदा कळले की आपले घर कोणाच्या जिवावर उभे होते. एका रात्रीच्या धावपळीपुरते रोख घरात असावे, बाकीचे बँकेच्या किंवा पोस्टाच्या बचत खात्यात. पोस्टाची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून उघडता येते आणि नेम लागायला ती चांगली, पण ती पाच वर्षांची असते आणि मध्येच हात घालायला अटी असतात. म्हणून सगळा पैसा तिच्यात अडकवू नये. बँकेतल्या ठेवीला २०२० सालापासून एका खातेदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि वर्षात दुप्पट करून देतो म्हणणारा भेटला तर त्याला लांबूनच रामकृष्ण हरी म्हणावे. अडीनडीचा पैसा वाढायला ठेवलेला नसतो, हाक मारली की यायला ठेवलेला असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ज्या घरात रोजचे रोज खाऊन काही उरत नाही, त्या घराला साठवा म्हणून सांगणे हा निर्दयपणा आहे. त्यांना उपदेश नको, मजुरी हवी, आणि शेजारी हवा. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, कामे थांबली, त्या आषाढीला पायी वारीही झाली नाही, पादुका बसने पंढरीला गेल्या. त्या महिन्यांत ज्यांच्या गाठीशी काही होते ते घरात बसले, आणि ज्यांच्या गाठीशी नव्हते ते महामार्गाने चालत गेले. मुंबई-आग्रा रस्ता आमच्या गावावरूनच जातो. ती माणसे मी पाहिली. डोक्यावर बोचके, कडेवर पोर, पायांत फाटक्या वहाणा. आयुष्यभर पायी वारी करणाऱ्या मला त्यांच्याकडे बघवेना, कारण त्यांच्या चालण्याच्या शेवटी कुठलाही विठ्ठल उभा नव्हता. त्यांचा काय दोष काढणार? त्यांनी साठवले नाही म्हणणाऱ्याने त्यांची मजुरी आधी विचारावी.

म्हणून माप भरल्यावर पुढचे वाहू द्यावे असे मी म्हणतो. आमच्या फडातल्या अकरा घरांनी मिळून, माझी ती गोष्ट मी त्यांना सांगितल्यानंतर, एक पेटी केली. दिंडीत आपण भिशी भरतो आणि कोण किती जेवला ते विचारत नाही, तसेच हे. दर एकादशीला प्रत्येक घराने पन्नास रुपये टाकायचे. महिन्याच्या दोन एकादशा, म्हणजे अकरा घरांचे अकराशे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि राजगिऱ्याच्या नावाखाली आपण रोजच्यापेक्षा जास्त खर्च करतो, त्यातलेच हे पन्नास. नियम तीन. पैसा दवाखाना, मयत आणि काम सुटणे याच कारणांसाठी निघेल, लग्न-बारशाला नाही. घेणाऱ्याकडून व्याज नाही, पण परतीची तारीख त्याने स्वतः सांगायची आणि वहीत लिहायची. आणि वहीतले नाव देवळात मोठ्याने वाचायचे नाही. तिसरा नियम बायकांनी घालायला लावला, आणि तोच सर्वांत मोलाचा ठरला. मागणाऱ्याची मान खाली गेली तर दिलेले फुकट गेले.

याने सारे सुटले असे समजू नका. एका घराने दोन वर्षे परत केलेले नाही. कोणी म्हणतात त्याला वगळा, कोणी म्हणतात राहू द्या. मी राहू द्या म्हणणाऱ्यांत आहे, पण वगळा म्हणणाऱ्याच्या बोलण्यातही न्याय आहे, कारण पेटी रिकामी झाली तर पुढच्याला काय द्यायचे? हा वाद अजून मिटला नाही.

असो. त्या तरुणाला आता माझे खरे उत्तर सांगतो. बाळा, भार देवावर टाकायचा तो आपल्या हातून जे होण्यासारखे नाही त्याचा. गार पडेल की नाही, ताप उतरेल की नाही, हे तुझ्या हाती नाही, तिथे विठ्ठलाचे नाव घे आणि झोप. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला पाचशे रुपये बाजूला पडतील की नाही हे तुझ्या हाती आहे, ते देवावर ढकलू नकोस. घरात ती म्हणते ते ऐक. खर्च होऊन उरेल ते ठेवू असे म्हणू नकोस, उरत कधीच नाही. आधी बाजूला टाक, मग खर्च कर. तीन महिन्यांचे माप ठरव आणि ते माप वहीच्या पहिल्या पानावर लिही. ते भरले की थांब. त्यापुढे साठवावेसे वाटले तर ते भविष्याचे भय आहे की लोभ, हे स्वतःला विचार. खर्चले तर पुन्हा पहिल्या मुठीपासून सुरू कर, त्यात लाज नाही. वारी दरवर्षी पहिल्या पावलापासूनच सुरू होते.

आणि एक. रात्री कुणी दाराशी आले, आणि तुझ्या गाठीशी असले, तर पैशावर कोणाचे नाव लिहिले आहे ते बघत बसू नकोस. मी एकदा बघितले. त्या वर्षी पंढरपूरला जाऊन आलो, पण माझी वारी कुठे पोचली ते अजून कळलेले नाही.

रामकृष्ण हरी.